सगळ्यात छोट्या ग्रुपची गोळी का बाजूला ठेवली: ठासणीच्या बंदुकीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अनिकेत (नाव बदललं आहे) मूळचा कुडाळ तालुक्यातला. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची ती. माडावरची माकडं आणि भातात घुसणारी रानडुकरं हुसकवायला ती लागायची. तळकोकणात अशा बंदुका अजूनही पुष्कळ घरांत आहेत. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, हा तिथला नेहमीचा सोपस्कार. अनिकेतने ती कधी चालवली नाही. पण खुंटीवरून काढल्यावर आजोबा सगळ्यात आधी काय करत, ते त्याला पक्कं आठवत होतं. ते गज नळीत सोडून बघत. टण्ण वाजला की रिकामी, धप्प झालं की भरलेली. ही आठवण या प्रकरणात कामाला आली, फक्त जरा उशिरा.

भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीनंतर छंदाची शिकार हा विषयच संपला. अनिकेत आता राहतो त्या अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मात्र हरणाची शिकार हा वन्यजीव व्यवस्थापनाचा रीतसर भाग आहे. किती परवाने द्यायचे ते दर वर्षी ठरतं, एप्रिलमध्ये अर्ज भरायचा आणि सोडतीत नाव लागलं तर जायचं. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारी-प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. अनिकेतने ग्रीन कार्ड हातात आल्यावर ते केलं. (एच-१बीवर असणाऱ्यांनी बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाला विचारावं. अमेरिकेच्या संघराज्याचा कायदा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला सहसा बंदूक बाळगू देत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद, पण त्याचा अर्थ स्वतःच्या मनाने लावू नये.)

त्याला ठासणीच्या बंदुकीच्या हंगामातला म्यूल डिअरचा परवाना लागला. खेचरासारखे लांब कान असलेलं हे पश्चिमेकडचं हरीण. हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर, नऊ दिवसांचा. अॅस्पेनची पानं पिवळी पडू लागलेली असतात आणि रानात माणसं कमी असतात.

मी बरीच वर्षं अशाच बंदुकीने शिकार करतो, नवशिक्यांना रेंजवर मदतही करतो. जुलैच्या सुरुवातीला तो नवी बंदूक घेऊन माझ्याकडे आला. मागे प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बसवायची सरळ रेषेतली रचना, म्हणजे इथे जिला इनलाइन म्हणतात ती. १९८५मध्ये टोनी नाइट यांनी असली बंदूक बाजारात आणली आणि या छंदाचा चेहराच बदलला. फिफ्टी कॅलिबर, म्हणजे अर्ध्या इंचाची नळी, आणि गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा दर २८ इंचांत एक पूर्ण वळसा घेणाऱ्या. बंदूक चांगली होती. पिशवीत सोबत आणलेलं सामान मात्र सगळं चुकीचं होतं.

अडचण

त्याने आणलं होतं ते असं: सॅबोमधल्या गोळ्या, दारूच्या दाबून केलेल्या वड्या आणि वर लावायची दुर्बीण. महिनाभर जे व्हिडिओ पाहिले ते सगळे पूर्वेकडच्या राज्यांतले, आणि तिकडे यातलं बहुतेक चालतं. कोलोरॅडोच्या ठासणी हंगामात यातलं एकही चालत नाही.

सॅबो म्हणजे प्लॅस्टिकची टोपडी. नळीपेक्षा बारीक, पिस्तुलाच्या मापाची गोळी तिच्यात बसवायची. नळीबाहेर पडल्यावर टोपडी गळून पडते आणि गोळी पुढे जाते. कोलोरॅडोत गोळी थेट नळीच्या मापाची हवी. शिवाय लांबट गोळीची लांबी तिच्या जाडीच्या दुपटीहून जास्त नको. आपल्या अर्ध्या इंचाच्या नळीसाठी ती एक इंचाच्या आसपास येते. दारू सुटी हवी, वड्या नकोत, आणि धूरविरहित दारू तर नाहीच. (धूरविरहित दारू कायद्याने मनाई आहे म्हणून टाळायची असं समजू नका. साध्या ठासणीच्या बंदुकीत ती घातली तर नळी फुटते.) नेम दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या उघड्या माशीने धरायचा.

अनिकेतचा पहिला प्रश्न होता, "दादा, मग यातली सगळ्यात जोरदार गोळी कुठली?"

पुढच्या दोन महिन्यांतला निम्मा वेळ हा प्रश्न बदलण्यात गेला. खोक्यावर छापलेला जोर हा कारखान्यातल्या नळीतून निघालेला आकडा असतो. आम्हाला हवी होती ती गोळी अशी: पहाटे चारला भरावी, सहा तास डोंगरात फिरवावी, आणि मग एकदाच, पहिल्याच बाराला, नेम धरला तिथे जावी. हे असं सुटसुटीत मला आज मांडता येतं. जुलैत मीही त्याला एवढंच सांगितलं होतं की "सगळ्या आणू आणि मारून बघू."

कुठल्या गोळ्या विचारात घेतल्या

कापडात गुंडाळलेला शिशाचा गोल छर्रा, म्हणजे आजोबांच्या पद्धतीचा, लगेच बाद झाला. फिफ्टी कॅलिबरचा छर्रा जेमतेम १७७ ग्रेनचा (एका ग्रॅममध्ये साधारण पंधरा ग्रेन) असतो आणि गोल असल्यामुळे हवेत लवकर मंदावतो. शंभर यार्डांपर्यंत निम्म्याहून जास्त जोर जातो. शिवाय त्याला संथ वळशाची नळी लागते, ६६ इंचांत एक वळसा अशी. अनिकेतच्या २८ इंचांच्या वळशात जास्त दारू घातली तर छर्रा खाचा सोडून घसरतो. जुन्या बांधणीची बंदूक असती तर मी वेगळं बोललो असतो.

उरले तीन प्रकार.

पहिला, सुमारे २४५ ग्रेनची, तांब्याचा पातळ मुलामा दिलेली, टोकाला पोकळी आणि बुडाला प्लॅस्टिकची चकती असलेली गोळी. नळीत सहज उतरते, खांद्याला धक्का कमी बसतो, दुकानात सगळीकडे मिळते. नवशिक्या हीच उचलतो.

दुसरी ४६० ग्रेनची मऊ शिशाची, अंगावर चरे आणि चऱ्यांत वंगण भरलेली. लांबी व्हर्निअरने मोजून घेतली, इंचाच्या आत केसभर. ही नळीत बोटाच्या दाबाने उतरते, आणि तरी नेमकी लागते. बार उडाला की मागून येणाऱ्या धक्क्याने मऊ शिशाचं बूड फुगतं आणि खाचा भरून काढतं. १८४९च्या मिनिए गोळीपासून लोकांना माहीत असलेली ही युक्ती. १८५७मध्ये ज्या एन्फिल्डच्या काडतुसांवरून आपल्याकडे आगडोंब उसळला, त्यांतली गोळीही याच घराण्यातली. अनिकेतने वंगणाला बोट लावलं आणि विचारलं, "दादा, ही चरबी कसली?" मी म्हटलं, मेण आणि तेल, दाताने तोडायची गरज नाही.

तिसरा प्रकार संपूर्ण तांब्याची, नळीच्या मापाची. तिचा आग्रह अनिकेतच्या बायकोचा. घरात चार वर्षांची मुलगी, आणि मांस तिच्याही ताटात जाणार. तिने वाचलं होतं की २००८ साली नॉर्थ डकोटात अन्नपेढ्यांना दान दिलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले होते. शंका रास्त होती. कॅलिफोर्नियाने २०१९च्या जुलैपासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, तिथे शिशाची विषबाधा होणाऱ्या कंडोर गिधाडांचाही प्रश्न होताच. तांब्याची गोची वेगळी आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि कोलोरॅडोत लांबीला मर्यादा. म्हणून २५० ते ३०० ग्रेनवर थांबावं लागतं. शिवाय तांबं शिशासारखं फुगून खाचा भरत नाही. नळीच्या मापाशी गोळी अगदी बरोबर जुळली तरच ती नेमकी जाते.

रेंजवरचे सहा शनिवार

पहिल्या शनिवारी आम्ही चूक केली. तिन्ही गोळ्या आणि दारूची तीन मापं, सगळं एका सकाळी उरकायचं ठरवलं. अकरा वाजेपर्यंत कागदावर इतकी भोकं झाली की कुठलं कशाचं ते कळेना. पंधराव्या बारानंतर अनिकेतच्या गोळ्या खाली-उजवीकडे जाऊ लागल्या आणि आम्ही दोघांनी ते ४६० ग्रेनच्या गोळीच्या माथी मारलं.

दुसऱ्या शनिवारी मला संशय आला. बंदूक मी भरून देऊ लागलो. कधी प्रायमर लावून, कधी जळालेला जुना प्रायमर बसवून, त्याला न सांगता. तिसऱ्या वेळी चाप ओढला, बार उडालाच नाही, आणि नळीचं तोंड मात्र सहज दोन इंच खाली गेलं. खांदा धक्क्याआधीच दचकत होता. त्यानंतर दिवसाला बारा बारांची मर्यादा घातली, खांद्याला पॅड लावलं, आणि दारू १०० ग्रेनवरून ८० वर आणली. हे ग्रेन आकारमानाचे, पितळी मापाने मोजायचे. काळ्या दारूच्या पर्यायी दारू तराजूवर हलक्या असतात, म्हणून तेवढंच वजन मोजून भरलं तर जास्त दारू पडते. गोळीचे ग्रेन वजनाचे आणि दारूचे मापाचे, या एका शब्दाने पुष्कळांना फसवलं आहे.

मग शिस्त लागली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक बारानंतर एक ओलसर फडकं, एक कोरडं फडकं, तेवढ्याच हाताने. आणि एक वेगळा कागद ठेवला, त्यावर फक्त त्या दिवसाचा पहिला बार. थंड, कोरडी नळी, आधी नुसते दोन प्रायमर उडवून तेल जाळलेलं. कागद गुंडाळून घरी न्यायचा आणि पुढच्या शनिवारी तोच परत लावायचा. रानात माणूस पहिलीच गोळी मारतो. रेंजवर मात्र सगळे तिसऱ्या-चौथ्या गोळीच्या ग्रुपिंगचे, म्हणजे भोकं कागदावर किती जवळजवळ पडली त्याचे, फोटो काढतात.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात चित्र असं होतं. शंभर यार्ड, टेबलावरून, उघडी माशी. २४५ ग्रेनची गोळी पाच इंचांत बसे, पण नळी न पुसता दुसरी मारली की आठ इंचांवर जाई. तांब्याची चार इंचांत, मात्र दोन बारांनंतर ती नळीत उतरवायला गजावर लटकावं लागे. ४६० ग्रेनची शिशाची तीन इंचांच्या आत, आणि पहिल्या बाराच्या कागदावर चार शनिवारांची चारही भोकं एका बशीखाली झाकली जात.

पाण्याच्या कॅनची चाचणीही केली. दुधाचे गॅलनचे रिकामे कॅन पाण्याने भरले आणि एकामागे एक रांगेत लावले, २५ यार्डांवर. पाणी म्हणजे मांस नव्हे. यातून हरणात काय होईल ते कळत नाही, दोन गोळ्यांमधला फरक तेवढा कळतो. पोकळ टोकाची गोळी चौथ्या कॅनमध्ये थांबली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती जेमतेम २०० ग्रेन भरली, म्हणजे पंचेचाळीस ग्रेन कुठेतरी पसरलं. हेच तुकडे बायकोच्या काळजीचे. शिशाची जड गोळी सहावा कॅन फोडून मागच्या मातीत गेली. उकरून काढली तेव्हा ४५० ग्रेन होती. हळू चालणारी, मऊ, जड गोळी रायफलच्या वेगवान गोळीसारखी चुरा होत नाही, हे ऐकून माहीत होतं, आता काट्यावर दिसलं. तांब्याच्या गोळीचं वजन जवळजवळ तसंच राहिलं.

घरात बोलणं झालं आणि ठरलं: शिशाची वापरायची, पण जखमेच्या भोवतीचं वीतभर मांस टाकून द्यायचं आणि त्याचा खिमा करायचा नाही. तडजोडच ती. अनिकेतच्या बायकोने मान्य केली, पण ती खूश नव्हती.

हंगामाला बारा दिवस

इथवर सगळं सरळ होतं. निर्णय झाला होता, दीड डझन गोळ्या बाजूला काढल्या होत्या. मी म्हटलं, एकदा भरलेली बंदूक खांद्यावर टाकून चालून बघू. खरं सांगायचं तर हे मला फार आधी सुचायला हवं होतं. सुचलं ते त्याने आजोबांच्या गजाची गोष्ट सांगितल्यावर.

दारू घालून फिरायचं नव्हतं, म्हणून त्याच मापाचा रवा भरला. उपम्याचा, जाडा. त्यावर गोळी ठासली आणि गज आत असताना नळीच्या तोंडाशी गजावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. आधीची एक रेघ रिकाम्या नळीची होती. मग तोंड खाली करून बंदूक खांद्याला लटकवली, कारण अनिकेतला ती तशीच सोयीची वाटे. जंगलातल्या खडबडीत रस्त्यावर अर्धा तास गाडी आणि पुढे दोन तास चाल.

परत आल्यावर गज घातला. रेघ नळीच्या तोंडापासून पाऊण इंच वर होती.

अनिकेतला आधी वाटलं, रेघच चुकली. ब्रीच प्लग, म्हणजे नळीच्या मागचं बूच, काढला तर रवा सैल झालेला आणि गोळी पुढे सरकलेली. जो सैलपणा तिला बोटाने नळीत उतरवत होता, त्यानेच तिला बाहेरही येऊ दिलं.

हे नुसतं नेम चुकण्याचं प्रकरण नाही. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर गोळी नळीतल्या अडथळ्यासारखी वागते. नळी फुगून तिला कडं पडू शकतं, ती फुटूही शकते. आमच्या सगळ्यात छोट्या ग्रुपच्या गोळीत ही खोड होती आणि टेबलावरून मारलेल्या साठ-सत्तर बारांत ती दिसली नव्हती. दिसणार कशी? टेबलावर गोळी भरल्यापासून चाप ओढेपर्यंत दीड मिनिट जातं, आणि नळी आडवी असते.

आमच्यापुढे चार वाटा होत्या.

तीच गोळी ठेवायची, बंदूक कायम तोंड वर करून न्यायची आणि तासातासाला गज घालून बघायचं. अनिकेतचा कल इकडे होता, कारण ग्रुप. माझा नव्हता. पहाटे अंधारात, धापा टाकत, समोर हरीण उभं असताना गज घालायचं कोणाला आठवतं? जी सुरक्षितता नवशिक्याच्या आठवणीवर टांगलेली आहे ती मी धरत नाही.

दुसरी वाट २४५ ग्रेनच्या गोळीची. तिची चकती नळीला घट्ट धरते. पण तिचे तुकडे होताना आम्ही पाहिले होते, आणि खांद्याच्या हाडावर बसली तर काय, याची मला धास्ती होती.

तिसरी तांब्याची. ती हलत नव्हतीच. पण दुसरा बार भरताना अडकत होती, आणि बारा दिवसांत योग्य मापाची शोधून पुन्हा तपासणं शक्य दिसेना.

चौथी, तीच शिशाची गोळी जरा जाड. आम्ही प्लग काढून मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलला आणि मोजला. नळी ०.५०२ इंच, आमच्या गोळ्या ०.५०१. ओतणाऱ्या माणसाला फोन केला, तो ०.५०३च्या देऊ शकत होता. पाच दिवसांत पाकीट आलं.

जाड गोळी छोट्या स्टार्टरने, म्हणजे तोंडातून गोळी ढकलायच्या आखूड दांड्याने, एक ठोका दिल्याशिवाय नळीत शिरत नव्हती. रवा, रेघ, गाडी, चाल, सगळं पुन्हा केलं. रेघ जागच्या जागी. दोनदा केलं, दुसऱ्यांदा दगडावर बूट आपटावेत तशी बंदूक दस्त्यावर आपटून. हलली नाही. ग्रुप मात्र तीन इंचांवरून साडेचार इंचांवर गेला.

अनिकेतला ते लागलं. दोन महिने आम्ही याच आकड्याचा पाठलाग केला होता, आणि आता मुद्दाम वाईट आकडा निवडत होतो. मी त्याला आठ इंचांची कागदी थाळी दिली. म्यूल डिअरच्या छातीतली मर्माची जागा साधारण तेवढी असते. टेबल सोडून गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने दहा गोळ्या मार म्हटलं. शंभर यार्डांवर दहापैकी नऊ थाळीत. सव्वाशेवर सहा. मग सैल गोळीने तेच केलं. शंभरावर नऊ, सव्वाशेवर सहा. माणसाची थरथर गोळीच्या फरकापेक्षा मोठी होती. दीड इंच फक्त टेबलावर उरत होता.

मर्यादा शंभर यार्ड ठरली. शंभरला नेम बांधला की ही गोळी पन्नासला तीनेक इंच वर आणि दीडशेला फूटभर खाली जाते. त्याने हे आकडे दस्त्यावर चिकटपट्टीवर लिहिले. दीडशेचा मी खोडायला लावला. लिहिलेला आकडा मोह घालतो.

रानात

दुसऱ्या दिवशी सकाळी, साधारण साडेसात हजार फुटांवर, ओकच्या झुडपांच्या कडेला एक नर उभा होता. हातातल्या अंतरमापकावर १४० यार्ड. अनिकेतने वीस मिनिटं वाट पाहिली. हरीण वरच्या बाजूला निघून गेलं. संध्याकाळी तो फारसा बोलला नाही.

चौथ्या दिवशी पाऊस. नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावली होती, पण मागून प्रायमरच्या बाजूने ओल गेली असेल तर सांगता येत नाही. रात्री प्लग काढून सगळं बाहेर काढलं. दारू टाकून दिली आणि सकाळी नव्याने भरलं. गाडीत बंदूक ठेवताना प्रायमर काढलेला असायचा. कायदाही तेच सांगतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ७५ यार्डांवर दुसरा नर, तिरका, पाठ जराशी आमच्याकडे. अनिकेतने गुडघा टेकला. बार उडाला आणि समोर पांढऱ्या धुराखेरीज काही दिसेना. ठरल्याप्रमाणे त्याने जागा न सोडता दुसरी गोळी भरली. रेंजवर चाळीस सेकंदांत होणारं काम, इथे सव्वा मिनिट लागलं, स्टार्टर हातातून दोनदा पडला. अर्धा तास थांबलो. मग रक्ताचा माग, आणि साठेक पावलांवर हरीण. गोळी शेवटच्या बरगड्यांमागून शिरून पलीकडच्या खांद्यापुढून निघून गेली होती. धरला होता त्यापेक्षा नेम चार बोटं मागे लागला. तिरक्या कोनामुळे आणि जड गोळीच्या खोल जाण्यामुळे ते निभलं. हलक्या गोळीने निभलं असतं का, याची मला खात्री देता येत नाही.

डोकं तपासणीला दिलं. हरणांना होणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या जीवघेण्या रोगाची पहिली नोंद १९६७मध्ये कोलोरॅडोतच झाली, संशोधनासाठी कुंपणात ठेवलेल्या म्यूल डिअरमध्ये. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच राहिलं. निर्दोष आल्यावर अनिकेतने मालवणी मसाल्यात सुकं केलं. चरबी नसलेलं मांस, खोबऱ्याशिवाय ते कोरडं झालं असतं.

पुन्हा करायचं झालं तर

चालण्याची चाचणी पहिल्या आठवड्यात घ्यायला हवी होती, नेमबाजीच्याही आधी. तिला दारू लागत नाही, रेंज लागत नाही, एक दुपार आणि वाटीभर रवा लागतो. जी गोळी नळीत जागेवर राहत नाही तिच्यावर आम्ही सहा शनिवार घालवले. यात चूक माझी. मी स्वतः बंदूक नेहमी तोंड वर करून नेतो, त्यामुळे हा त्रास मला कधी झाला नव्हता, आणि जे आपल्याला झालं नाही ते विचारायचं राहून जातं.

नळीचं माप गोळ्या विकत घेण्याआधी काढायला हवं होतं. मग ०.५०१च्या गोळ्या आल्याच नसत्या.

तांब्याला आम्ही न्याय दिला नाही. एकच पाकीट आणलं, ते आमच्या नळीला घट्ट होतं, आणि "अडकते" म्हणून बाजूला केलं. दोन-तीन मापांचे नमुने मे महिन्यात मागवले असते तर कदाचित निकाल वेगळा लागला असता, आणि घरातली तडजोड टळली असती.

ओल्या हवेत बार उडतो का, हे तपासलंच नाही. चौथ्या दिवशी दारू टाकून दिली हे ठीक, पण ती टाकावी लागली कारण ती चालेल का हे आम्हाला माहीत नव्हतं.

दुसरी गोळी भरण्याचा सराव घड्याळ लावून, धावून आल्यावर, धाप लागलेली असताना करायला हवा होता.

सुकं खाऊन झाल्यावर अनिकेतने कुडाळला काकांना फोन लावला. त्यांनी शिंगांचं विचारलं नाही, अंतराचंही नाही. "गज घालून बघी होतंस मां?" एवढंच विचारलं. तो हो म्हणाला, आणि कितव्या आठवड्यापासून ते सांगितलं नाही.

या एप्रिलसाठी तांब्याच्या तीन मापांची पाकिटं आली आहेत. रव्याचा डबा आता त्याच्या रेंजच्या पेटीतच असतो, आणि बायकोने उपम्यासाठी वेगळा आणला आहे.